अ‍ॅप बनवायला घेताय? कोडिंगच्या आधीच्या या चुका टाळा

2027 चा कुंभमेळा जवळ येतोय तसं नाशिकमध्ये ज्याला भेटावं त्याच्याकडे अ‍ॅपची आयडिया आहे, पार्किंगची, रूम बुकिंगची, पूजेसाठी गुरुजी शोधायची. आयडिया वाईट नाहीत, पण बरेचजण थेट डेव्हलपर गाठतात, लाख-दोन लाख घालतात आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरतात, हे बघून खरंच वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक चुकीचा प्रश्न विचारायची, आणि ती मीही केलीय. द्राक्षबागेसाठी मजुरांच्या टोळ्या बुक करायचं अ‍ॅप काढायचं डोक्यात होतं. कॉलेज रोडला चहावर मित्रांना सांगितलं, सगळे म्हणाले भारी आहे, कर. निफाडकडच्या एका काकांना विचारलं, "काका, असं अ‍ॅप आलं तर वापराल का?" ते म्हणाले, "वापरू की, का नाही." पोरगं एवढं उन्हातान्हात आलंय, त्याला तोंडावर नाही कोण म्हणेल? नंतर परत गेलो तेव्हा वेगळं विचारलं, मागच्या ऑक्टोबर छाटणीला टोळी कुठून आणली? काकांनी फोन काढून मुकादमाचा नंबर दाखवला, पेठकडचा, चार वर्षं तोच, उचल आधीच दिलेली. टोळी शोधायचा त्यांना काही त्रासच नव्हता. त्रास व्हायचा तो पुढे, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) आणि थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) सगळ्यांच्या बागेत एकाच टायमाला येतं आणि ठरलेली टोळी दुसऱ्याच्या बागेत अडकून पडते. यावर माझ्या डिझाइनमध्ये एकही स्क्रीन नव्हती.

म्हणून "आवडेल का, वापराल का" सोडा. मागच्या वेळी काय केलं, किती वेळ गेला, किती पैसे गेले ते विचारा आणि गप्प बसून ऐका, मध्येच आपलं अ‍ॅप विकायला लागू नका.

गुगल फॉर्मला दीडशे उत्तरं आली पण नंतर कोणी फोन उचलत नाही, असं होतंय? मग फॉर्म तुमच्याच ग्रुपमध्ये फिरलाय. बागायतदार हवा असेल तर पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला जाऊन उभं राहावं लागतं.

लोक हो म्हणतायत पण पैशाचं नाव काढलं की विषय बदलतायत, तर आधी हातानेच चालवून बघा. व्हॉट्सअ‍ॅप, एक शीट आणि यूपीआयचा क्यूआर, बास. 1999 मध्ये निक स्विनमर्नने झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीची सुरुवात अशीच केली होती, दुकानातल्या बुटांचे फोटो काढून साइटवर टाकले आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून विकत घेऊन पाठवले, स्वतःचा स्टॉक शून्य.

प्ले स्टोअरच्या डेव्हलपर अकाउंटचे 25 डॉलर भरायची पण घाई नको. 13 नोव्हेंबर 2023 नंतर काढलेल्या पर्सनल अकाउंटला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 टेस्टर सलग 14 दिवस ठेवावे लागतात. हे बाराजण भावंडांमधून गोळा करावे लागत असतील तर कोडिंग थांबवा आणि परत लोकांना भेटायला निघा.

आणि थांबायचं कधी ते आधीच कागदावर लिहून ठेवा. मी लिहिलं होतं, वीसपैकी पाचजणांनी 500 रुपये अ‍ॅडव्हान्स दिला तरच पुढे जायचं. दोघांनी दिला, त्याच आठवड्यात दोघांचेही पैसे परत केले.