दोन ऑफर आणि एक राजीनामा

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्यावर दोन वर्षं मी नागपुरातल्या एका लहान नर्सिंग होममध्ये काढली. गेल्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, एक धंतोलीतून, दुसरं वर्धा रोडवरून. धंतोलीवाले 23,000 म्हणाले, वर्धा रोडवाले 20,000. घरी सगळ्यांचं एकच, जास्त पगाराचं घे.

नव्या मुलींना माझं पहिलं सांगणं हेच, की आकडा सीटीसीचा, म्हणजे मालकाला आपल्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा, आहे की हातात येणारा, ते तोंडावर विचारा. 23,000 मध्ये मालकाच्या वाट्याचा पीएफही धरला होता. तो आणि माझा वाटा वजा जाता हाती 20,000 पडणार होते. वर्धा रोडला सगळं कापून 18,500. म्हणजे फरक दीड हजाराचाच उरला.

मग मी दोन्हीकडे रात्री आठला, पाळी बदलताना जाऊन आले. इंटरव्ह्यूला एचआर जे सांगत नाही ते तिथे दिसतं. धंतोलीत एक सिस्टर डबा घेऊन जिना उतरत होती. तिच्या डाव्या तळहातावर बॉलपेनने बेड नंबर आणि इंजेक्शनच्या वेळा लिहिलेल्या होत्या, घामाने निम्म्या पुसलेल्या. मी विचारलं, "ताई, रात्री किती पेशंट असतात?"

"अठरा. एकटीच असते मी."

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स आहे. अठरा पेशंटना वेळेवर औषध देणं एका माणसाच्या हातचं नाही, आणि चूक झाली तर चार्टवर सही तिचीच असते. दीड हजारासाठी मी ते पत्करायला तयार नव्हते. शिवाय तिथे दोन वर्षांचा बाँड होता आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करा म्हणत होते. मुलींनो, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र कुणाच्याही कपाटात ठेवू नका. मूळ दाखवा, झेरॉक्स द्या.

वर्धा रोडला आयसीयूत दोन पेशंटमागे एक नर्स होती, पहिला महिना सीनियरसोबत, रात्रपाळीला ने-आण करायला गाडी. पगाराचं मात्र मला तिथेही खटकतंच. 2016 मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला किमान 20,000 द्यावेत अशी शिफारस केली होती. इतक्या वर्षांनीही आपण त्याच आकड्याभोवती फिरतोय.

रुजू होण्याची तारीख लिहिलेलं पत्र हातात आल्यावरच राजीनामा लिहिला. चार ओळी. पद, कधीपासून कामावर, एक महिन्याची नोटीस, शेवटचा दिवस. तक्रार एकही नाही, ती लिहून उपयोग नसतो. मैत्रिणींना सांगायच्या आधी दुपारी, राऊंड संपल्यावर, मेट्रन मॅडमकडे, म्हणजे आमच्या सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांकडे, गेले.

"काहून जाते बेटा? दोन हजार वाढवून मागते सरांना, थांब."

घशात आवंढा आला. पहिली आयव्ही लाइन लावताना माझा हात थरथरत होता, तेव्हा त्याच शेजारी उभ्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, पैशांसाठी नाही जात. मला आयसीयू शिकायचंय." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही करून दिली. ती प्रत जपा, नोटीस कधीपासून मोजायची याचा पुरावा तोच.

तो महिना एकही सुट्टी घेतली नाही. नवीन आलेल्या मुलीला क्रॅश कार्टचा, म्हणजे इमर्जन्सीच्या सामानाच्या गाडीचा, एकेक खण उघडून दाखवला, अॅड्रेनालीन कुठे, हाताने श्वास द्यायची अंबू बॅग कुठे, घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचे सेल कधी बदलले.

शेवटच्या दिवशी अनुभव प्रमाणपत्र मिळालं, त्यात नुसतं 'स्टाफ नर्स' होतं. मी तिथेच थांबून वॉर्डाचं नाव, खाटांची संख्या आणि दोन्ही तारखा घालून घेतल्या. मॅडमनी ते पुन्हा टाइप करवलं.