छापा यशस्वी झाला, हे कशावरून ठरवायचं?

अमळनेरला आमच्या घराच्या माडीवर अभ्यासिका चालते. पोलीस भरतीची आणि एमपीएससीची पोरं येतात. मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कुठे धर्माच्या नावाने शस्त्र घेतलेल्यांवर सरकारने कारवाई केली, की ती मोबाईल घेऊन माझ्याकडेच येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाई, किती टिपले?" एकदा एका पोराची आजी डबा द्यायला आली होती. ती जिन्यातच थांबली आणि अहिराणीत म्हणाली, "पन लोकेसनं काय व्हयनं?" म्हणजे, पण लोकांचं काय झालं? तेव्हापासून पोरांना वहीत त्या प्रश्नाचा एक रकाना मी करायलाच लावते.

तुम्हीही वही घ्या. बातमीतला 'फत्ते' हा शब्द बाजूला ठेवा आणि आधी लिहा, सरकारला नेमकं काय साधायचं होतं? इमारत रिकामी करायची होती, ओलीस सोडवायचे होते, की म्होरक्याला जिवंत पकडून कोर्टात उभं करायचं होतं? हे कारवाईच्या आधी काय सांगितलं होतं त्यावरून लिहायचं. कारवाई झाल्यावर उद्दिष्ट हळूच बदलतं, म्हणून तारखेसकट लिहा.

हे शिकायला अमृतसरचं सुवर्णमंदिर घ्या. जागा तीच, शस्त्रधारी तसेच, चार वर्षांच्या अंतराने दोन कारवाया.

जून १९८४, ऑपरेशन ब्लू स्टार. मंदिरातून खलिस्तानवादी अतिरेकी हटवायचे होते. ते हटले, त्यांचा म्होरक्या भिंद्रनवाले मारला गेला. एवढंच पाहिलं तर उद्दिष्ट पुरं. आता पुढचे रकाने भरा. ३ जूनला गुरू अर्जनदेवांचा शहीद दिन होता, आवारात यात्रेकरू मोठ्या संख्येने होते. रणगाड्यांच्या माऱ्याने अकाल तख्त हे शिखांचं सर्वोच्च धर्मपीठ उद्ध्वस्त झालं, शिखांचं संदर्भ ग्रंथालय जळालं. सरकारच्या श्वेतपत्रिकेत लष्कराचे ८३ मृत्यू वेगळे दिले आहेत. पण अतिरेकी आणि नागरिक मिळून ४९३ असा एकच आकडा आहे. पोरांना मी या ओळीवर बोट ठेवून थांबवते. दर्शनाला आलेली बाई आणि बंदूकधारी माणूस एकाच बेरजेत बसवले असतील, तर आजीच्या प्रश्नाला त्या आकड्यातून उत्तर मिळत नाही. असा जोडआकडा दिसला की तो रकाना भरला असं समजू नका.

मे १९८८, ऑपरेशन ब्लॅक थंडर. सुरुवातीलाच सरबदीपसिंग विर्क यांच्या जबड्याला गोळी लागली. हे महाराष्ट्र केडरचे अधिकारी, पुढे २००९ मध्ये आपल्याच राज्याचे पोलीस महासंचालक झाले. तरी चिडून कुणी आत घुसलं नाही. वेढा पडला, वीज-पाणी तोडलं. समोर सरोवर, पण एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाचे नेमबाज दबा धरून बसलेले, पाण्यापर्यंत जाणार कोण? मे महिन्यात घशाला कोरड पडते म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पत्रकारांना लांबून बघू दिलं. १८ मेपर्यंत सुमारे दोनशे जण हात वर करून बाहेर आले, देशाने ते टीव्हीवर पाहिलं. माझ्या मते छापा मोजायचा असेल तर जिवंत बाहेर आलेल्यांपासून मोजावा. जिवंत माणसावर खटला चालतो, त्याच्याकडून माहिती मिळते. मेलेल्याचा कुणीतरी हुतात्मा करतो.

छाप्याआधीचे तासही तपासा. अमेरिकेत टेक्सासमधल्या वेको इथे २८ फेब्रुवारी १९९३ ला ब्रँच डेव्हिडियन या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीवर छापा घातला, तेव्हा आतल्यांना आधीच कुणकुण लागली होती. अधिकाऱ्यांनाही ते कळलं होतं, तरी ते पुढे गेले. चार अधिकारी मेले. ५१ दिवसांच्या वेढ्यानंतर आगीत मुलांसकट ७६ जण गेले. बेत फुटल्यावर माघारी फिरायची तयारी होती का, हा रकाना विसरू नका.

शेवटचा रकाना भरायला वेळ लागतो. ब्लू स्टारनंतर त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली. १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात जनरल अरुणकुमार वैद्यांना रस्त्यात गोळ्या घातल्या. ब्लू स्टारच्या वेळी ते लष्करप्रमुख होते. इस्लामाबादच्या लाल मशिदीतल्या शस्त्रधारी कट्टरपंथीयांवर जुलै २००७ मध्ये कारवाई झाली, त्यानंतर पाकिस्तानात आत्मघाती हल्ले वाढले आणि डिसेंबरात तिथल्या तालिबानी टोळ्या एका संघटनेत एकत्र आल्या.

इथे ब्लॅक थंडरलाही सूट देऊ नका. कारवाई नेटकी झाली, पण पंजाबातलं रक्त थांबलं नाही. १९९१ पर्यंत हिंसाचार वाढतच गेला, ओसरला तो १९९३ च्या सुमारास. म्हणून वहीत 'छापा' आणि 'प्रश्न' ही दोन वेगळी पानं ठेवा. छाप्याचं पान महिन्याभरात भरतं. प्रश्नाच्या पानावर वर तारीख टाका, खाली जागा मोकळी सोडा आणि वर्षाने, मग पाच वर्षांनी पुन्हा उघडा. माझ्या पोरांपैकी दोघं आता पोलीस दलात आहेत. त्यांच्या वह्या मी माडीवरच्या कपाटात जपून ठेवल्या आहेत. दिवाळीला घरी आले की ते त्या मागून घेतात आणि त्या मोकळ्या जागेत लिहितात.