शेळ्यांच्या गोठ्यातून युरोपचं अर्थकारण कसं बघावं

नेदरलँड्समध्ये शेतीच्या अभ्यासदौऱ्यावर येणाऱ्या मंडळींसोबत मी दुभाषी म्हणून फिरते. ब्रॅबंट प्रांतातल्या शेळ्यांच्या गोठ्यात शिरायच्या आधी बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायच्या, दारातल्या वहीत नाव लिहायचं. आत गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "एक शेळी दूध किती देते?" आकडा मिळतो, लिहून घेतला जातो आणि त्यातून त्या भागाबद्दल काही म्हणजे काही कळत नाही.

त्याऐवजी विचारा, शेळ्यांच्या आधी इथे काय होतं?

बरेचदा उत्तर येतं, गाई. मग गोष्ट उलगडायला लागते. लोण्याला हमीभाव होता, त्यामुळे शीतगृहांत लोण्याचे डोंगर साठले. ते आवरायला युरोपीय समुदायानं (आजच्या युरोपीय संघाचं आधीचं रूप) 1984 मध्ये दुधावर कोटा बसवला. पण तो गाईच्या दुधावर. शेळीच्या दुधाला मर्यादा नव्हती, चीजला गिऱ्हाईक होतं, म्हणून काही जण शेळ्यांकडे वळले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला देशात दुभत्या शेळ्या काही हजारच होत्या. 2009 पर्यंत त्या दोन लाखांच्या पुढे गेल्या, आणि त्यातल्या खूपशा दाट वस्तीच्या ब्रॅबंटमध्ये.

2007 मध्ये याच प्रांतात माणसांना क्यू ताप यायला लागला. रोग लागलेली शेळी गाभडते, तिच्या वारेतून (जारातून) जंतू गोठ्यात पसरतात आणि धुळीबरोबर वाऱ्यावर जातात. ज्यांनी आयुष्यात शेळीला हात लावला नव्हता असे लोकही आजारी पडले. 2010 पर्यंत 4,000 हून अधिक रुग्णांची नोंद झाली. 2009 च्या शेवटी बाधित गोठ्यांतल्या गाभण शेळ्या मारायचा हुकूम निघाला आणि 50,000 हून जास्त जनावरं गेली. सरकार उशिरा हललं, असा ठपका नंतरच्या चौकशी समितीनंही ठेवला.

दुधाच्या कोट्याचा निर्णय 1984 चा आणि ताप 2007 चा. तेवीस वर्षं! माझी सगळी पद्धत या तेवीस वर्षांवर उभी आहे. कागदाला दोन उभ्या घड्या घालून तीन रकाने करा. पहिल्या रकान्यात शेतीचे निर्णय, दुसऱ्यात कोणता धंदा वाढला किंवा बुडाला ते, तिसऱ्यात लोकांची तब्येत. प्रत्येक नोंदीपुढे साल लिहा आणि मग तिरप्या रेघा ओढा. आडव्या रेघा जवळजवळ कधीच जुळत नाहीत. एकाच वर्षाचं उत्पन्न आणि त्याच वर्षाचं आयुर्मान शेजारी ठेवून निष्कर्ष काढणारे अहवाल मी म्हणूनच बाजूला ठेवते.

आकडे लागतीलच. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. देशाचा आकडा घेऊ नका, 'नट्स 2' या पातळीवरचा (नट्स म्हणजे आकडेवारीसाठी केलेली युरोपची प्रदेशवार विभागणी) प्रांताचा घ्या (ब्रॅबंटचा कोड एनएल41). दरडोई उत्पादन (जीडीपी) युरोत न बघता क्रयशक्तीच्या हिशोबात बघा, कारण बल्गेरियातला युरो आणि डेन्मार्कमधला युरोभर पैसा यांतून सारखी भाजी येत नाही. युरोपीय संघाच्या सरासरीच्या 75 टक्क्यांखाली असलेला प्रांत 'कमी विकसित' ठरतो आणि त्याला विकासनिधी जास्त मिळतो. ही रेघ कुठून जाते हे माहीत असलं की तिथलं राजकारणही कळतं.

पण जीडीपीवर फार भरवसा नको. लक्झेंबर्गमध्ये रोज दोन लाखांवर माणसं सीमेपलीकडून कामाला येतात. त्यांचं उत्पादन तिथे मोजलं जातं, डोकी मात्र फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीत. आयर्लंडचा जीडीपी 2015 मध्ये 26 टक्के वाढल्याचं जाहीर झालं, ते बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली म्हणून. गाईंनी दूध काही तेवढं वाढवलं नव्हतं.

माझीही एकदा फजिती झाली आहे. सुरुवातीच्या एका दौऱ्यासाठी मी उत्पन्नाच्या क्रमानं देश लावले आणि शेजारी आयुर्मान लिहिलं. वाटलं होतं, छान उतरती ओळ दिसेल. मागच्या बाकावरच्या एका काकांनी विचारलं, "ताई, हे स्पेनवाले जर्मनांपेक्षा गरीब, मग जगतात जास्त कसे?" दोन-तीन वर्षांचा फरक होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसा एका पातळीपर्यंत आयुष्य वाढवतो. त्यानंतर ताटात काय आहे, किती सिगारेटी ओढल्या जातात आणि डॉक्टर किती लांब आहे, यावर ठरतं.

ताटाचं म्हणाल तर फिनलंडमधलं नॉर्थ कॅरेलिया अभ्यासा. हा दुधा-लोण्याचा प्रांत, आणि हृदयविकारानं ऐन कामाच्या वयातले पुरुष जायचे. 1972 मध्ये पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली तिथे प्रकल्प सुरू झाला. लोणी कमी खा, हे सांगणं सोपं. पण गाव लोण्यावरच जगत होतं. म्हणून डेअऱ्यांना कमी स्निग्धांशाचं दूध काढायला लावलं, शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवलं, आणि मोहरीच्या जातकुळीतल्या, तिथल्या थंडीत तग धरणाऱ्या पिकाचं तेल स्वयंपाकघरात आलं. पुढच्या चार दशकांत त्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले. इथे तिरपी रेघ उलटी जाते, तब्येतीकडून शेतीकडे.

मोडतोड झाली की बिल कोणाच्या नावावर फाटतं, तेही बघा. 2011 मध्ये जर्मनीत अन्नातून पसरणाऱ्या ई. कोलाय जिवाणूची साथ आली. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पॅनिश काकडीकडे बोट दाखवलं आणि काही दिवसांत स्पेनच्या अंदालुसियातल्या शेतकऱ्यांना काकड्या फेकून द्याव्या लागल्या. खरा उगम निघाला मोड आलेल्या मेथीत! बियाणं इजिप्तचं, मोड आणलेले जर्मनीतल्याच लोअर सॅक्सनी राज्यातल्या शेतावर. ब्रुसेल्सनं, म्हणजे युरोपीय संघानं, युरोपातल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांसाठी 21 कोटी युरोंची भरपाई काढली. आपल्या मंडळींना ही गोष्ट एकदा सांगितली की विसरत नाहीत, मेथीमुळे.

गावात गेल्यावर अनुदान किती हे विचारलंत तर सरासरी ऐकायला मिळेल. त्याऐवजी किती हेक्टर कोणाकडे आहेत ते विचारा. थेट अनुदान मुख्यतः हेक्टरवर मिळतं, म्हणून सुमारे 80 टक्के पैसा 20 टक्के लोकांकडे जातो. पूर्वेकडे, विशेषतः रोमानियात, गावातला डॉक्टर अजून आहे का हेही विचारा. 2007 मध्ये देश संघात आल्यावर कितीतरी डॉक्टर पश्चिमेकडे गेले, आणि सोबत शेतात राबणारे तरुण हातही.

गोठ्याला भेट ठरवताना शेळ्या विण्याचा हंगाम टाळा, आणि गटात कोणी गरोदर असेल तर तिला बाहेरच थांबू द्या. निघताना निळ्या पिशव्या दारातल्या डब्यात टाका. बसमध्ये आणल्यात तर ड्रायव्हर मला ओरडतो.