प्रोव्हान्सच्या गावांची सहल: आधी आठवडी बाजाराचा वार बघा

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात, अव्हिन्यों शहरातून आठ जणांच्या छोट्या गाडीतून ल्युबरों या डोंगराळ पट्ट्यातली गावं बघायला जाताना दुपारच्या जेवणाचा घोळ होतो. सहलीच्या पैशांत जेवण बहुधा नसतं, हॉटेलं दोनच्या सुमारास स्वयंपाकघर बंद करतात आणि शाकाहारी माणसाची पंचाईत होते.

यावर उपाय म्हणजे वार बघून बुकिंग करणं.

१. गोर्दचा बाजार मंगळवारी, रुसियोंचा गुरुवारी, लुरमारँचा शुक्रवारी. तुमच्या सहलीत त्या दिवशी ते गाव आहे का, ते तपासा.
२. सकाळी निघणारीच सहल घ्या. बाजार दुपारी एकपर्यंत आटोपतो.
३. तिथूनच पाव, शेळीच्या दुधाचं चीज आणि जर्दाळू घ्या. जूनमध्ये चेरीही मिळतात, फार गोड! घरून कापडी पिशवी आणि सुटी नाणी न्या.

गर्दी असते, गाडी लांब लावावी लागते, तरी मला बाजाराचाच दिवस आवडतो. गाव तेव्हा खरं जागं असतं.

शाकाहारी असाल तर ऑलिव्हची चटणी, म्हणजे तापनाद, विचारून घ्या. तिच्यात बहुतेक वेळा अँचोवी मासे वाटलेले असतात.