क्लेप देऊन अमेरिकी कॉलेजचे क्रेडिट
अमेरिकेत कॉलेज बोर्ड या संस्थेची क्लेप (CLEP) परीक्षा दिली की त्या विषयाच्या वर्गात न बसता क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळू शकते. फी भरण्याआधी आपल्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून लेखी घ्या: कोणती परीक्षा चालते, किती गुण लागतात आणि क्रेडिट नेमक्या कोणत्या कोर्सऐवजी धरतात. गफलत होते ती इथेच. क्रेडिट ऐच्छिक विषयांत जमा होते, सक्तीचा कोर्स मानेवर तसाच राहतो.

गुण २० ते ८० या मापात असतात. शिफारस साधारण ५० ची, पण कॉलेज जास्तही मागू शकते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. तीच परीक्षा पुन्हा द्यायला तीन महिने थांबावे लागते. म्हणून कॉलेजच्या कोर्स-नोंदणीच्या बरेच आधी परीक्षेला बसा.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर सत्राची किमान १२ क्रेडिट्स यातून भरत नाहीत.