टॉर्क स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा का? डीबीचे स्क्रू मी कसे आवळतो

मी ऐरोलीत राहतो, वायरिंगची कामं घणसोली कोपरखैरणेला आणि पलीकडे ठाण्यात कळवा, घोडबंदर रोडला असतात, आणि हाताखालची पोरं सारखं एकच विचारतात की दादा हाताने गच्च आवळलं तर काय बिघडतं, एवढा महाग टॉर्क ड्रायव्हर, म्हणजे आपण लावलेल्या आकड्याएवढ्या जोराने स्क्रू आवळला की क्लिक करणारा ड्रायव्हर, कशाला पाहिजे. माझं म्हणणं स्पष्ट आहे, डीबीसाठी, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनी जिथून निघतात त्या मुख्य बॉक्ससाठी, घ्याच. घरातल्या स्विचबोर्डसाठी नसला तरी चालेल कारण तिथे बहुतेक वेळा कंपनीने टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा, आकडाच दिलेला नसतो.

मी स्वतः कित्येक वर्षं हाताच्या अंदाजावर काम केलं. मग एका मे महिन्यात कळव्याच्या एका मावशींचा फोन आला, एसीची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा डीबीतला स्विच) दुपारी सारखी पडतेय. एसी ठीक, एमसीबीचं रेटिंग ठीक, वायर 4 एमएमची, पण खालचा स्क्रू पाऊण फेरा फिरला आणि वायरचं इन्सुलेशन बोटभर काळं पडून कडक झालेलं. आणि ती डीबी दोन वर्षांपूर्वी मीच बसवली होती! त्या रात्री मला झोप लागली नाही, त्या घरात लहान मुलं होती.

गणित करून बघा. जोड सैल राहून तिथे फक्त 0.05 ओहम रेझिस्टन्स आला आणि 3 किलोवॅटचा गिझर 13 अँपिअर ओढतोय, तर 13 गुणिले 13 गुणिले 0.05, म्हणजे जवळजवळ साडेआठ वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत. गरम झालं की तांबं फुगतं, थंड झालं की आकसतं, जोड अजून सैल होतो, अजून तापतो. आपल्याकडे खाडीची हवा आणि पावसाळ्यातली ओल, त्यामुळे सैल जोडावर गंजही लवकर चढतो. बरं, करंट वाढलेला नसतो म्हणून एमसीबीला हे कळेलच असं नाही, मावशींकडे पडत होती ते नशीब.

जास्त आवळणंही तेवढंच वाईट. बारीक तारा तुटतात, आटे जातात, एमसीबीच्या बॉडीला तडा जातो. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने तर 2017 च्या आवृत्तीतच घातलं की कंपनीने टॉर्कचा आकडा दिला असेल तिथे कॅलिब्रेटेड (माप तपासून घेतलेलं) टूल वापरायचं.

हात किती फसवतो हे बघायचं असेल तर एक करा, नवीन एमसीबीत सगळ्यांनी एकेक वायर आपापल्या अंदाजाने आवळा, मग टॉर्क ड्रायव्हर कमीवर लावून हळूहळू वाढवत न्या आणि स्क्रू कधी हलतो ते बघा. आमच्यात एकाचा दीडला हलला, एकाचा चारला, आणि एमसीबीच्या कागदावर होतं 2 न्यूटन मीटर (टॉर्क यातच मोजतात).

आता पद्धत. पहिलं मेन बंद, मग टेस्टरवर विसंबू नका, मीटरने बघा की खरंच सप्लाय गेलाय. मेन स्विचची वरची बाजू तरीही जिवंत असते, ती मीटर रूममधून कटआउट (फ्यूज) काढल्याशिवाय हातात घ्यायची नाही, आणि मीटरच्या सीलला हात लावायचा नाही.

मग वायर, आणि खरं काम इथेच आहे. ड्रायव्हरला फक्त स्क्रू किती जड फिरतोय एवढंच कळतं, क्लॅम्पखाली, म्हणजे वायर दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, काय आहे ते कळत नाही. इन्सुलेशन क्लॅम्पखाली गेलं तरी क्लिक येणार, वायर क्लॅम्पच्या मागे सरकली असेल तरी क्लिक येणार आणि तुम्ही खूश होऊन झाकण लावणार. म्हणून एमसीबीच्या कागदावर लिहिलंय तेवढंच सोला, साधारण 12 ते 14 मिलिमीटर असतं. मल्टीस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या) वायरला मापाची पिन थिंबल, म्हणजे टोकावर बसणारं धातूचं टोपण, क्रिम्पिंग टूलने दाबून बसवा, साध्या पकडीने चेपू नका. टोकाला कथिल अजिबात लावायचं नाही, ते दाबाखाली हळूहळू पसरतं आणि जोड पुन्हा सैल. एका टर्मिनलमध्ये दोन वायर कोंबायच्या नाहीत, कागदावर परवानगी असेल तरच.

आकडा एमसीबीच्या अंगावर किंवा कागदावर असतो, फेकू नका तो कागद. बऱ्याच ठिकाणी 2 ते 3.5 न्यूटन मीटर दिसेल, पण कंपनी बदलली की आकडा बदलतो, पाठ करून लावू नका. जुन्या मालावर किलो सेंटिमीटर असेल तर दहाने भागा, 20 म्हणजे साधारण 2.

बिट, म्हणजे ड्रायव्हरचं टोक, ते पण बघा, साध्या फिलिप्स बिटने बरेच एमसीबीचे स्क्रू घसरतात, पोझी 2 किंवा प्लस मायनस बिट बसतो. ड्रायव्हर सरळ धरा, सावकाश फिरवा, पहिल्या क्लिकला थांबा, पोरं खात्रीसाठी तीनचार क्लिक करतात ते चुकीचं. मग वायर ओढून बघा आणि स्क्रूवर मार्करने रेघ मारा.

न्यूट्रल लिंक, म्हणजे न्यूट्रल वायरी जिथे एकत्र जोडतात ती पट्टी, विसरू नका. थ्री फेजच्या घरात मेन न्यूट्रल सुटला की 230 च्या टीव्ही फ्रिजवर 400 च्या आसपास व्होल्टेज जाऊ शकतं, म्हणून मी सुरुवातच न्यूट्रलपासून करतो.

घेताना 1 ते 5 न्यूटन मीटरच्या आसपासची रेंज आणि 1000 व्होल्टचं इन्सुलेशन असलेला घ्या, मुंबईला नागदेवीला किंवा लोहार चाळीत चौकशी करा. स्क्रू सोडवायला तो वापरायचा नाही, त्याला साधा ड्रायव्हर. काम झालं की सेटिंग सगळ्यात कमीवर आणून डब्यात ठेवा, आणि वर्षातून एकदा किंवा 5000 क्लिक झाले की एनएबीएल मान्यतेच्या लॅबमधून कॅलिब्रेट करून घ्या. मी डीबीच्या दाराच्या आत तारीख आणि टॉर्कचा आकडा लिहून ठेवतो, पुढे जो कोणी वायरमन उघडेल त्याला कळतं.