प्राणी कल्याण संस्थेचं सोशल मीडिया खातं कसं सुरू करावं: आधी इनबॉक्स, मग पोस्ट

समजा, गाडीखाली सापडून पाय मोडलेल्या कुत्र्याचा व्हिडिओ रात्री टाकला. सकाळपर्यंत तो हजारोंनी पाहिला आणि इनबॉक्समध्ये २०० मेसेज येऊन पडले. मदत कशी करू, असं विचारणारे थोडे. आमच्याकडेही एक जखमी आहे, लगेच या, असं सांगणारे जास्त. संस्थेत माणसं ४, गाडी १. तीन दिवस कुणालाच उत्तर गेलं नाही, की चौथ्या दिवशी त्याच व्हिडिओखाली कमेंट येऊ लागतात: ‘नुसते पैसे मागतात, फोन कुणी उचलत नाही.’ संस्थांची खाती बदनाम होतात ती बहुधा अशी. पोस्टमध्ये खोट नसते, मागची तयारी नसते. म्हणून इथला क्रम जरा उलटा आहे.

१. आधी उत्तरं लिहून ठेवा

येणारे मेसेज फिरून फिरून सहाच प्रकारचे असतात: जखमी प्राणी दिसला, पिल्लं सापडली, आमचा प्राणी आता सांभाळता येत नाही, दत्तक हवा आहे, मदत करायची आहे, कुणीतरी प्राण्याला छळतंय. खातं काढण्याआधी या सहाही मेसेजची तयार उत्तरं लिहा. प्रत्येक उत्तर ५-६ ओळींचं असू द्या. त्यात विचारपूस कमी आणि माणसाने आत्ता काय करायचं ते जास्त असावं.

जखमी प्राण्याच्या उत्तरात चार गोष्टी मागा: फोटो, नकाशावरचं नेमकं ठिकाण, प्राणी उभा राहतोय का, आणि ‘आमचा माणूस येईपर्यंत तुम्ही तिथे थांबाल का?’ चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा. जखमी प्राणी एका जागी थांबत नाही. भेदरून गटारात, गाड्यांखाली शिरतो. निरोप देणारा निघून गेला की पथकाचा निम्मा वेळ शोधण्यातच जातो.

मांजराच्या पिल्लांचं उत्तर तर पाठच असावं: ‘लगेच उचलू नका. आई अन्न शोधायला गेलेली असू शकते. लांब उभं राहून काही तास लक्ष ठेवा. पिल्लं थंड पडली असतील, ओली असतील किंवा जागा धोक्याची असेल तर उचला, आधी ऊब द्या. थंड पिल्लाला दूध पाजू नका. ते त्याला पचत नाही आणि श्वासनलिकेत जाऊ शकतं.’ एवढ्या मजकुराने कितीतरी पिल्लं आईपाशीच राहतात आणि पिल्लं खोक्यात भरून संस्थेत आणून सोडणं घटतं.

ही उत्तरं व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये ‘क्विक रिप्लाय’ म्हणून आणि इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यात ‘सेव्ह्ड रिप्लाय’ म्हणून साठवता येतात. दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण मजकूर समोर येतो. कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा संदेशही लावा. रात्रीची सेवा नसेल तर त्यात तसं स्पष्ट लिहा. ‘आम्ही रात्री येऊ शकत नाही’ हे वाचून माणूस दुसरीकडे फोन करतो. उत्तराची वाट पाहण्यात गेलेला तास मात्र प्राण्याच्या जिवावर बेततो.

मग उत्तर देणारी दोन माणसं ठरवा, पाळीपाळीने. दिवसाला किती मेसेजना नीट उत्तर देता येईल याचा प्रामाणिक आकडा काढा. तो ३० असेल तर त्याहून जास्त मेसेज ओढतील अशा पोस्ट टाकू नका. ज्या दिवशी उत्तर द्यायला कुणी नाही, त्या दिवशी काळजाला हात घालणारा व्हिडिओ टाकू नये.

२. खातं काढताना

एकच मंच निवडा. परिसरातले लोक, गट, हरवले-सापडलेचे निरोप यांसाठी फेसबुक उपयोगी. दत्तक घेऊ पाहणारे तरुण इन्स्टाग्रामवर जास्त सापडतात. यूट्यूब नंतर पाहता येईल, त्याला संपादनाचा वेळ लागतो. बाकीच्या मंचांवर फक्त नाव राखून ठेवा, म्हणजे दुसरं कुणी त्या नावाने दुकान मांडणार नाही.

खातं संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या ताब्यातल्या नंबरवर काढा. उत्साही स्वयंसेवक स्वतःच्या नंबरवरून काढतो, वर्षाने शहर सोडतो किंवा भांडून निघून जातो आणि खातं त्याच्याबरोबर जातं. नव्या संस्थांची ही सगळ्यात नेहमीची चूक. फेसबुक पेज कुणाच्या तरी वैयक्तिक खात्याला जोडलेलं असतं, त्यामुळे पूर्ण अधिकार असलेली निदान दोन माणसं हवीत. एकाचं खातं लॉक झालं तरी पेज अडकत नाही. द्विस्तरीय पडताळणी सुरू करा, रिकव्हरी कोड कागदावर छापून कपाटात ठेवा. संस्था सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी काढा. यात अविश्वास नाही, शिस्त आहे.

आणि एक फसवणूक पाठ करून ठेवा: ‘तुमच्या पेजने नियम मोडला आहे, २४ तासांत या लिंकवर अपील करा.’ असा मेसेज इनबॉक्समध्ये आला तर तो चोराचा. खरी नोटीस अॅपच्या सेटिंगमध्ये, खात्याच्या स्थितीच्या पानावर दिसते.

इन्स्टाग्रामच्या बायोला, म्हणजे खात्याच्या नावाखालच्या ओळखीला, १५० अक्षरं मिळतात. ‘मुक्या जिवांसाठी एक पाऊल’ यावर ती खर्चू नका. काय करता, कोणत्या भागात, मेसेजला उत्तर कधी मिळेल आणि एक लिंक, एवढं पुरे. निवाऱ्याचा नेमका पत्ता देऊ नका, फोटोला ठिकाणही जोडू नका. पत्ता उघडा झाला की रात्री फाटकाशी खोकी ठेवली जातात, आणि लस न झालेल्या पिल्लांच्या खोक्यातून पार्व्होसारखा जीवघेणा संसर्गजन्य आजार थेट आत येतो. भेट वेळ ठरवूनच.

स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून ‘जखमी प्राणी दिसला तर’, ‘दत्तक प्रक्रिया’, ‘मदत’ आणि ‘घरी गेलेले’ ही चार हायलाइट, म्हणजे खात्याच्या पानावर कायम राहणाऱ्या स्टोरी, पहिल्याच दिवशी लावा.

३. फोटो

महागडा कॅमेरा लागत नाही, गुडघे टेकायची तयारी लागते. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत कुत्रा लहान, दबलेला दिसतो. फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर न्या, फोकस डोळ्यावर ठेवा, बर्स्टवर, म्हणजे एकापाठोपाठ सलग, १५-२० फोटो घ्या, त्यातला एक ठेवा. फ्लॅश नको: कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यातल्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि प्राणी भुतासारखा दिसतो. पिंजऱ्याच्या गजांतून फोटो काढावाच लागला तर लेन्स दोन गजांच्या मध्ये अगदी टेकवा, गज जवळपास नाहीसे होतात.

काळ्या प्राण्यांना मोकळ्या सावलीत आणा, मागे फिकट रंगाची भिंत किंवा चादर घ्या, स्क्रीनवर चेहऱ्यावर टॅप करून प्रकाश थोडा वाढवा. फोनची स्वयंचलित मोजणी गडद केसांवर फसते; डोळे आणि तोंड एकाच काळ्या डागात हरवतात.

लक्ष वेधायला शीळ किंवा आवाज करणारं खेळणं एकदाच वाजवा. तिसऱ्यांदा वाजवलं की प्राणी ओळखून बसतो. ओठ चाटणं, डोळ्यांची पांढरी कड दिसणं, कान मागे चिकटणं, शेपटी पोटाखाली जाणं दिसलं की थांबा. तो घाबरलाय. ‘हसतोय बघा’ म्हणून टाकलेल्या कित्येक फोटोंत तो भीतीने धापा टाकत असतो, आणि जाणकार माणसाला ते कळतं.

पोस्टसाठी १०८० बाय १३५० पिक्सेलची उभी चौकट, रीलसाठी १०८० बाय १९२०. रीलवरची अक्षरं मधल्या भागात ठेवा. तळाला मजकूर आणि उजव्या कडेला बटणं येतात, तिथलं काही वाचता येत नाही. आवाज बंद ठेवून पाहणारे बरेच असतात, तेव्हा बोललेलं अक्षरांत द्या. दृष्टिहीन वाचकांसाठी फोटोचं वर्णन ऑल्ट टेक्स्टमध्ये लिहा: ‘तांबूस कुत्री, डावा कान दुमडलेला, गवतावर बसलेली.’

४. दत्तकाची पोस्ट

मजकूर पहिल्या एक-दोन ओळींनंतर ‘अधिक’च्या मागे जातो. म्हणून ‘नमस्कार मित्रांनो’ गाळा. पहिल्या ओळीतच तो प्राणी दिसला पाहिजे:

‘रोज सकाळी चप्पल उचलून दारापाशी नेणारी मैना फिरायला नेणारं घर शोधतेय. वय २ वर्षं, मध्यम आकार, नसबंदी आणि लसीकरण झालंय. कुत्र्यांशी पटतं, मांजरांशी नाही. बेल वाजली की जोरात भुंकते. दिवसभर एकटी ठेवणाऱ्या घरात रमणार नाही.’

शेवटची दोन वाक्यं काढून टाकायचा मोह होतो. काढू नका. नको असलेले निम्मे चौकशीदार तिथेच गळतात आणि उरलेल्यांना पुढे धक्का बसत नाही. ‘शेवटचे दोन दिवस, कुणीतरी वाचवा’ अशा पोस्टला प्रतिसाद भरपूर येतो, पण दयेच्या भरात नेलेला प्राणी महिन्याभरात परत येण्याची भीती असते. ही हाक खरंच तशी वेळ आल्यावरच वापरावी.

नवीन आलेल्या पिल्लाचा विलगीकरणाचा काळ संपेपर्यंत दत्तकाची पोस्ट नको. फेसबुक मार्केटप्लेसवर तर प्राणी टाकूच नका. तिथे जिवंत प्राण्यांच्या जाहिरातींना मनाई आहे.

प्रत्येक पोस्टच्या फोटोवर तारीख लिहा. घर मिळालं की मूळ पोस्ट उघडून पहिल्या ओळीत ‘घर मिळालं’ लिहा. हरवलं-सापडलंच्या बाबतीत हे आणखी गरजेचं, कारण अशा पोस्ट दोन-दोन वर्षं फिरत राहतात आणि सापडलेल्या कुत्र्यासाठी फोन येतच राहतात.

५. जखमा, छळ आणि वन्यप्राणी

रक्ताळलेला फोटो सर्वांत पुढे ठेवला की मंच त्यावर इशाऱ्याचा पडदा टाकू शकतो, मग पोस्ट फार लोकांपर्यंत जात नाही. बघणारेही हळूहळू खातं म्यूट करतात. पहिला फोटो बँडेज बांधलेल्या, डोळे उघडलेल्या प्राण्याचा ठेवा. जखम पाहायलाच हवी असेल तर ती मागच्या फोटोत, आधी सूचना देऊन.

छळाचा व्हिडिओ आला तर संशयिताचं नाव, चेहरा, गाडीचा नंबर जाहीर करू नका. माणूस चुकीचा निघाला तर नुकसान भरून येत नाही. बरोबर निघाला तरी तो सावध होतो आणि तपास बिघडतो. पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, कारण साध्या व्हॉट्सअॅप व्हिडिओचा दर्जा घटतो आणि त्याबरोबरची तारीख-वेळेची माहिती गळते. ती फाइल पोलिसांसाठी जपा.

वन्यप्राण्याला मांडीवर घेतलेला फोटो टाकूच नये, बचावाचा असला तरी. २००९ मध्ये यूट्यूबवर स्लो लोरिसला (मोठ्या डोळ्यांचा, माकडांच्या नात्यातला एक छोटा निशाचर प्राणी) गुदगुल्या करणारा व्हिडिओ जगभर फिरला. ‘किती गोड’ म्हणून लोकांनी असा प्राणी पाळायला मागितला. प्रत्यक्षात तो हात वर करत होता ते बचावासाठी. त्याच्या दंडापाशी विषग्रंथी असते. डिसेंबर २०१७ पासून इन्स्टाग्राम वन्यप्राण्यांसोबतच्या सेल्फीशी संबंधित हॅशटॅग शोधल्यावर इशारा दाखवू लागलं. तुमच्या फोटोत पिंजरा, हातमोजे, जाळी दिसू द्या, लळा दिसू देऊ नका.

पैशासाठी प्राण्याला मुद्दाम संकटात टाकून बचावाचं नाटक करणारे व्हिडिओही बरेच असतात; यूट्यूबवर त्यांना मनाई आहे. त्यामुळे खऱ्या बचावाकडेही आता संशयाने पाहिलं जातं. न कापलेलं चित्रण ठेवा, उपचाराचा कागद दाखवा आणि त्याच प्राण्याची पुढची खबर द्या. नाटक करणाऱ्यांकडे सहसा दुसरा आठवडा नसतो.

६. आठवड्याचं गणित

आठवड्याला ३ पोस्ट पुरेत: घर शोधणारा एक प्राणी, उपयोगाची एक माहिती, घरी रुळलेल्या एकाची खबर. माहितीचे विषय तुमच्या फोनवरच सापडतात. जो प्रश्न दहादा आला, त्याची पोस्ट करा. ‘या मांजराच्या कानाचं टोक का कापलंय?’ हा त्यातलाच. नसबंदी झाल्याची ती लांबून ओळखू येणारी खूण असते, इजा नव्हे.

दीड तास बसून १०-१२ प्राण्यांचे फोटो काढले की महिनाभराची बेगमी होते. मेटा बिझनेस स्वीट या फेसबुकच्याच कंपनीच्या साधनातून फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पोस्ट आधीच वेळ लावून ठेवता येतात, मोफत. पण लावलेल्या पोस्टची यादी रोज सकाळी पाहा. मंगळवारी दगावलेलं मांजर गुरुवारी ‘मला घर द्या’ म्हणताना दिसलं, तर त्याच्यासाठी पैसे दिलेल्यांना काय वाटेल! मृत्यू झाला तर चार सरळ ओळींत सांगा. लपवलेलं कमेंटमध्ये उघडं पडतंच.

मदत मागताना रक्कम, कारण आणि मुदत द्या. रक्कम जमली की मागणी बंद करा आणि बिलाचा फोटो टाका, त्यातले खासगी तपशील झाकून. क्यूआर कोड दर पोस्टमध्ये पेरू नका. तुमचाच फोटो घेऊन कोड बदलणारे असतात. पैशाचा मार्ग एकच ठेवा, बायोमधल्या लिंकवरचा, आणि तसं वारंवार लिहा.

लाइक मोजत बसू नका. एका वहीत चार रकाने आखा: पोस्टची तारीख, चौकशा किती आल्या, त्यातल्या किती जणांनी अर्ज भरला, किती प्राणी गेले. तीन महिन्यांनी वही उघडली की दिसेल, ५० हजार लोकांनी पाहिलेल्या रीलमधून कदाचित एकही घर मिळालं नाही आणि बेल वाजली की भुंकणाऱ्या मैनेच्या पोस्टवर फक्त ६ चौकशा आल्या, पण सातव्या दिवशी ती गेली. पुढच्या महिन्याच्या पोस्ट त्या वहीवरून ठरवा.